शिंपल्याला मासा का लागतो?

पिरंगुटच्या एका शाळेत आम्ही नदीतल्या प्राण्यांवर एक तास घेणार होतो. आदल्या आठवड्यात मुलांना सांगून ठेवले होते, की नदीवर गेलात तर काठाला पडलेले जे सापडेल ते आणा. जिवंत मात्र काही उचलू नका. तासाच्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने दप्तरातून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. खडखड करीत शिंपले बाहेर पडले. वरून काळपट तपकिरी, कुठे हिरवट. आतून मात्र चांदीसारखे चकचकीत. काहींच्या दोन्ही झडपा अजून एकमेकींना धरून होत्या, उघड्या पुस्तकासारख्या.

पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "समुद्रातले शिंपले इथं कसे आले?" हा गैरसमज मुलांपुरता नाही. शिंपला म्हटले की आपल्याला कोकणातल्या तिसऱ्या आणि कालवे आठवतात, आणि आपल्या गावच्या नदीत शिंपले जन्मतात, वाढतात, म्हातारे होतात हे ध्यानातच येत नाही. दुसरा प्रश्न मात्र आम्हाला सुचला नव्हता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने सगळे शिंपले टेबलावर ओळीने लावले आणि विचारले, "सगळे मोठेच कसे? ह्यांची पिल्लं कुठायत?"

त्या तासाला आम्ही याचे उत्तर दिले नाही. घाईने देण्यासारखे ते नव्हतेच. शिंपल्याचे पिल्लू कोठे असते हे सांगायचे, तर आधी शिंपला कोठे राहतो, कसा जगतो, आणि त्याच्या बालपणाचे काही दिवस चक्क माशाच्या अंगावर का जातात, हे सगळे सांगावे लागते.

पिरंगुटच्या उत्तरेकडून मुळा नदी वाहते. घोटावड्याकडे जाताना ती ओलांडावी लागते. सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी मुळशी धरणानंतर पौडवरून इकडे येते आणि पुढे लवळे, नांदे करीत पुण्यात मुठेला मिळते. सारे पात्र काळ्या बेसाल्ट खडकाचे. नुसत्या खडकावर शिंपल्याचे भागत नाही, कारण त्याला अंग रुतवायला जागा लागते. म्हणून तो सापडतो तो खडकांच्या आडोशाला साठलेल्या रेतीत, डोहाच्या कडेच्या चिखलात, बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात. नदीच्या एका वळणावर शिंपलेच शिंपले आणि पुढे दूरपर्यंत एकही नाही, असे दिसते ते यामुळे.

पिशवीत मुख्यतः दोन प्रकार होते. एक लांबट, पातळ कवचाचा. हाताच्या चार बोटांएवढा. हा लॅमेलिडेन्स. त्याची लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही जाती भारतात सर्वदूर आढळते, आणि संथ पाणी व मऊ तळ तिला मानवतो. पूर्ण वाढलेला शिंपला आठ-दहा सेंटिमीटर लांब भरतो. कवचाच्या कडेने बऱ्याचदा फिकट पिवळसर पट्टा दिसतो. ज्यांनी महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेतले होते, त्यांना हे नाव प्रात्यक्षिकाच्या ट्रेमधून आठवेल. विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये आली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी हाच शिंपला उघडून बसत. दुसरा प्रकार आखूड, फुगीर, जाड कवचाचा. हा पॅरेसिया. त्याला वाहते पाणी आणि रेतीचा तळ अधिक रुचतो. त्याच्या पॅरेसिया कॉरुगाटा या जातीच्या नावाचा अर्थच सुरकुतलेला असा आहे, कारण कोवळ्या कवचावर नागमोडी सुरकुत्या असतात. मोठेपणी त्या झिजून पुसट होतात.

झिजण्याचीही एक गंमत आहे. कवचाचा जो भाग सर्वांत जुना, म्हणजे बिजागरीजवळचा उंचवटा, तेथे जुन्या शिंपल्यांवर पांढरे सोललेले चट्टे दिसतात. कवच चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि किंचित आम्ल पाण्यात ते हळूहळू विरघळते. वरची तपकिरी पातळ साल म्हणजे त्याचे रोगणच. वर्षानुवर्षे रेती घासून ती साल एकदा उडाली, की पाणी आतल्या चुन्याला लागते. अगदी आतला चकचकीत थर तो मौक्तिक थर. याच पदार्थाचे पापुद्रे एखाद्या कणाभोवती चढत गेले, की मोती होतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९८७ पासून मोतीसंवर्धनाचे प्रयोग केले ते याच लॅमेलिडेन्स आणि पॅरेसियावर.

मेलेला शिंपला उघडा का पडतो, हे मुलांना जरूर विचारावे. कोकणातल्या मुलाला निम्मे उत्तर ठाऊक असते, कारण तिसऱ्या शिजल्या की आपोआप उघडतात हे त्याने घरी पाहिलेले असते. दोन झडपांना जोडणारा बिजागरीचा लवचीक बंध स्प्रिंगसारखा असतो, आणि त्याचा ओढा झडपा उघडण्याकडे असतो. मिटायचे काम दोन दणकट स्नायूंचे. म्हणजे शिंपला बंद ठेवायला कष्ट पडतात, उघडायला नाही. स्नायू मेले की बिजागरी आपले काम करते. रिकाम्या झडपेत आत पाहिलेत, तर दोन टोकांना या स्नायूंचे खोलगट ठसे दिसतील.

जिवंत शिंपला तळात तिरका रुतून बसतो. पुढचे टोक खाली रेतीत. तेथूनच त्याचा जिभेसारखा मांसल पाय बाहेर येतो. मागचे टोक वर, पाण्यात. या वरच्या टोकाला दोन फटी असतात. एकीतून पाणी आत जाते, दुसरीतून बाहेर पडते. आत पडद्यांसारखे रुंद कल्ले असतात आणि त्यांवर असंख्य सूक्ष्म केस, म्हणजे पक्ष्माभिका, एका लयीत हलत राहून पाण्याचा प्रवाह चालू ठेवतात. कल्ल्यांमुळे श्वसन होते आणि पाण्यातले शेवाळाचे कण, जीवाणू, कुजलेल्या पाल्याचे कण गाळले जाऊन तोंडाकडे जातात. नको असलेला गाळ चिकट द्रवात गुंडाळून बाहेर टाकला जातो. एक मोठा शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी अशा रीतीने गाळतो.

हे वर्गात दाखवता येते. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हींत तळाला धुतलेली रेती आणि वर तळ्यातले हिरवट पाणी भरा. एकीत जिवंत शिंपला ठेवा. दुसरीत तेवढाच दगड ठेवायला विसरू नका, नाहीतर एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, की गाळ आपोआपच खाली बसला असेल! दोन्ही बरण्यांमागे छापील कागद धरून दर तासाला अक्षरे वाचून पाहा. संध्याकाळच्या आत शिंपला जेथून आणला तेथेच परत सोडायचा, ही अट.

या प्रयोगानंतर एक सोपा निष्कर्ष काढला जातो, की नदीत शिंपले सोडले म्हणजे नदी शुद्ध होईल. आम्हाला हे पटत नाही. पाणी नितळ झाले म्हणजे निर्मळ झाले असे नव्हे. शिवाय सांडपाण्याने प्राणवायू संपलेल्या पात्रात शिंपला स्वतःच तग धरीत नाही. त्यातही कोवळी पिल्ले सांडपाण्यातल्या अमोनियाला फार लवकर बळी पडतात. पिरंगुटच्या आसपास गेल्या तीसेक वर्षांत कारखाने आणि वसाहती झपाट्याने वाढल्या आहेत, तेव्हा हा मुद्दा पुस्तकी नाही.

पिल्लांचा प्रवास

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. समुद्रातल्या बहुतेक शिंपल्यांची पिल्ले पाण्यात मोकळी तरंगतात, भरती-ओहोटीबरोबर हिंडतात आणि जागा मिळेल तेथे स्थिरावतात. नदीत ही रीत चालणार नाही. नदी एकाच दिशेने वाहते. मुळेत सोडलेले तरंगते पिल्लू मुठेच्या संगमावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाईल. दर पिढी थोडी थोडी खाली सरकली, तर वरच्या भागात शिंपला उरणारच नाही. आणि मोठा शिंपला तर रेतीत जेमतेम काही हात सरकणारा प्राणी. तो प्रवाहाविरुद्ध वर जाणार कसा?

दुसऱ्याच्या पाठीवर बसून, हे त्याचे उत्तर. लॅमेलिडेन्समध्ये नर आणि मादी वेगळे असतात. नर शुक्राणू पाण्यात सोडतो. मादी ते श्वासाच्या पाण्याबरोबर आत घेते. अंडी फलित होऊन तिच्या कल्ल्यांच्या पदरांतच वाढतात, म्हणजे श्वसनाचा अवयव काही काळ पाळणाघर बनतो. तेथे तयार होतात त्या ग्लोकिडियम नावाच्या अळ्या. आकार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, पण दोन इवल्या झडपा असतात आणि त्या मिटणारा एक स्नायू. काही जातींत झडपांच्या टोकांना आकडेही असतात. ग्लोकिडियम हे नाव बाणाच्या टोकाला असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

मादी अशा हजारो अळ्या पाण्यात सोडते. त्या पोहू शकत नाहीत. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला स्पर्श झाला, की झडप खटकन मिटते आणि अळी तेथे चिमट्यासारखी घट्ट बसते. माशाची त्वचा तिच्याभोवती वाढून एक पुटकुळी तयार होते. तिच्या आत काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, अळीचे रूपांतर छोट्या शिंपल्यात होते. मग पुटकुळी फुटते आणि पिल्लू तळाला पडते. एरवी माशाला फारसा त्रास होत नाही. पण ज्या अळीला मासा भेटत नाही ती थोड्याच दिवसांत मरते, आणि बहुतेक अळ्यांच्या नशिबी हेच असते. कोणताही मासा चालतो असेही नाही. अनेक जातींचे यजमान मासे ठरलेले असतात. भलत्याच माशावर बसलेली अळी त्याची रोगप्रतिकारशक्ती झटकून टाकते.

विज्ञानाला हे कोडे सुटायला बराच काळ लागला. शिंपल्याच्या पोटातली ही बाळे लेव्हेनहूकने १६९५ च्या सुमारास आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती. पुढे १७९७ मध्ये येन्स राथके या प्राणिशास्त्रज्ञाने मात्र ती शिंपल्याची पिल्ले नसून त्याच्या कल्ल्यांत राहणारे परजीवी आहेत असे ठरवले आणि त्यांना ग्लोकिडियम पॅरासिटिकम हे नाव दिले. जर्मन शास्त्रज्ञ लायडिग यांना १८६६ मध्ये त्या माशाच्या परांत रुतलेल्या सापडल्या. म्हणजे राथके परजीवी म्हणाला ते खोटे नव्हते; घर मात्र त्याने चुकीचे सांगितले.

अमेरिकेतल्या काही शिंपल्यांच्या माद्या तर माशाला बोलावून घेतात. लॅम्प्सिलिस या प्रजातीत मादीच्या शरीराची कडेची घडी अगदी छोट्या माशासारखी दिसते. डोळ्याचा ठिपका, शेपटी, सगळे. ती हलत राहते. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्याच्या तोंडात अळ्यांचा फवारा बसतो. ज्या प्राण्याला स्वतःला डोळे नाहीत, त्याच्या अंगावर माशाचे इतके हुबेहूब चित्र यावे, हे नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून अकरावी-बारावीला जरूर सांगण्यासारखे आहे.

चढणीचा रस्ता

मृगाचा पाऊस झाला, की ओढ्यांना पाणी येते आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. मुळशी-मावळात चढणीचे मासे कोणाला माहीत नाहीत? माशाच्या कल्ल्यांत, परांवर बसलेली अळी माशाबरोबर तीही चढण चढते. नदी जे खाली नेते ते मासा वर आणतो. पण याचा उलटा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. माशाची वाट अडली, की शिंपल्याचीही अडते.

याचे एक लख्ख उदाहरण मिसिसिपी नदीवरचे आहे. तिच्या काठच्या मस्कटाइन गावी १८९१ मध्ये शिंपल्यांच्या कवचांपासून बटणे करण्याचा धंदा सुरू झाला. प्लॅस्टिक येण्यापूर्वी शर्टाची चकचकीत बटणे अशीच होत. या धंद्यात सर्वांत मोलाचा शिंपला होता एबनीशेल. त्याच्या अळ्या स्किपजॅक हेरिंग या प्रवासी माशावर वाढत. मस्कटाइनच्या खालच्या अंगाला किओकक येथे १९१३ मध्ये मोठे धरण पूर्ण झाले आणि हेरिंगचा वर येण्याचा रस्ता बंद झाला. धरणाच्या वर एबनीशेल लगेच संपले नाहीत. मोठे शिंपले दीर्घायुषी असतात. ते जागच्या जागी रुतून पाणी गाळीत राहिले. पण त्यांच्यात नवे पिल्लू येईना. नदी वरवर पाहता शिंपल्यांनी भरलेली, आणि प्रत्यक्षात ती एक म्हातारी वस्ती. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत. २०२३ मध्ये तेथील सरकारने २१ जीवजाती नामशेष झाल्या म्हणून संरक्षित यादीतून काढल्या. त्यांत ८ गोड्या पाण्यातले शिंपले होते.

मुळेवरही धरण आहे, आणि ते जुने आहे. टाटांच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह झाला, तो इतिहासाच्या पुस्तकात आपण शिकवतो. मुळशीचे पाणी मुख्यतः पश्चिमेकडे, घाटाखाली भिरा येथे, वीजनिर्मितीसाठी जाते. १९२७ पासून तेथे वीज तयार होते. म्हणजे धरणाखालच्या मुळेत पावसाळा सोडला तर पाणी मोजकेच, आणि चढणीच्या माशाला धरणाशी थांबावे लागते. त्यात खाली ठिकठिकाणी बंधारे. पुण्याच्या माशांवर फ्रेझर यांनी १९४२ मध्ये लिहिले आहे, आणि वाघ व घाटे यांनी २००३ मध्ये मुळा-मुठेच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. अशा जुन्या-नव्या नोंदी शेजारी ठेवल्या, की काही जाती गळालेल्या दिसतात आणि तिलापियासारख्या बाहेरून आणलेल्या माशांची भर पडलेली दिसते. आपल्या शिंपल्यांच्या अळ्या यांतल्या नेमक्या कोणत्या माशांवर वाढतात, यावर भारतात अद्याप फार थोडे काम झाले आहे. मासा हरवला तर त्याच्याबरोबर कोणता शिंपला हरवेल, हे त्यामुळे आधी सांगता येत नाही.

म्हणून पिशवीतल्या मोठ्या शिंपल्यांचा प्रश्न साधा राहत नाही. मुळेतही किओककसारखे झाले आहे, असा निष्कर्ष मात्र पिशवीवरून काढता येणार नाही. सगळे मोठेच सापडण्याची आणखी दोन कारणे संभवतात. लहान कवचे कागदासारखी पातळ असतात. पुरात गोट्यांवर आपटून त्यांचा चुरा होतो. आणि मुले मोठे, चकचकीत तेवढेच उचलतात! पुढच्या तासाला आम्ही त्या मुलीला विचारले, "तू लहान सोडून दिलेस का गं?" ती म्हणाली, "लहान कोण घेतंय?" नमुना कसा गोळा केला यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे सातवीच्या वर्गाला एका वाक्यात कळले.

पिशवीच्या तळाशी एक बारका शिंपला अडकला होता. नखाएवढा, पिवळसर, त्रिकोणी. "सापडलं पिल्लू!" म्हणून आरडाओरडा झाला. पण ते लॅमेलिडेन्सचे पिल्लू नव्हते. कॉर्बिक्युला या वेगळ्याच प्रजातीचा वाढलेला शिंपला होता. त्याच्या कवचावर एकामागे एक अगदी सारख्या, उठावदार रेषा असतात आणि आकार गोलसर त्रिकोणी असतो. लॅमेलिडेन्सचे पिल्लू पहिल्यापासून लांबटच असते. पॅरेसियाच्या पिल्लावर त्या नागमोडी सुरकुत्या दिसतात. हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे, कारण गोड्या पाण्यातल्या बहुतेक कॉर्बिक्युला आपली पिल्ले कल्ल्यांत वाढवून थेट तळावर सोडतात. त्यांना मासा लागत नाही. त्यामुळे मासे कमी झालेल्या नदीतही त्या भरपूर असू शकतात, आणि घाईने पाहणाऱ्याला वाटते की शिंपल्यांचे छान चालले आहे.

खरे पाहायचे तर जानेवारीनंतर पाणी उतरल्यावर, गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, गुडघ्याच्या आतल्या पाण्यात पाहावे. धरणातून पाणी सुटणार आहे का याची चौकशी आधी करावी. अर्ध्या मीटरची चौकोनी लाकडी चौकट तळावर ठेवायची आणि तिच्या आतली वरची चार बोटे रेती घरच्या धान्याच्या चाळणीतून पाण्यातच चाळायची. मोठे-लहान न पाहता चौकटीत येईल तो प्रत्येक शिंपला मोजायचा. प्रकार, लांबी, जिवंत की मेलेला, एवढे वहीत लिहायचे. मग लांबीनुसार स्तंभालेख काढायचा. दोन-तीन सेंटिमीटरच्या आतला लांबट, जिवंत लॅमेलिडेन्स सापडला, तर त्या भागात अलीकडेच एखाद्या माशाने आपले काम केले असे समजावे. सगळे स्तंभ उजवीकडेच साठले, तर पुढच्या वर्षी त्याच जागी, तितक्याच चौकटी टाकून पुन्हा पाहावे. वर्षाच्या वर्षी तो ढीग उजवीकडेच सरकत गेला, तर मात्र काळजीचे कारण आहे. पुढच्या उन्हाळ्यात याच शाळेतल्या मुलांबरोबर आम्ही हे सुरू करणार आहोत. तुमच्या गावच्या नदीवर तुम्ही केलेत, तर आकडे आणि जागेचा नकाशा आम्हाला पाठवा.

मोजून झाल्यावर शिंपला पाण्यात फेकू नका. बिजागरीचा उंचवटा ज्या टोकाच्या जवळ असतो ते गोलसर टोक पुढचे. ते रेतीत खाली रोवायचे आणि निमुळते टोक वर ठेवायचे. बोट लावून थोडा वेळ धरलेत, तर पाय बाहेर काढून तो स्वतःच आत सरकू लागतो.